जखमी वाघ कोणाचा?

एके काळी दिवाळी अंक उघडला की त्यात एक ग्रामीण कथा, एक विनोदी लेख, बारा राशींचे वर्षभविष्य आणि एक शिकारकथा हमखास सापडत असे. फराळाच्या ताटात चकली नसली तर पाहुणा तसे बोलून दाखवीत नाही, पण त्याला चुकल्याचुकल्यासारखे होते. शिकारकथेचेही तसेच होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली. शिकारकथा मात्र थांबली नाही. जुनी इंग्रजी पुस्तके अजून छापली जातात, त्यांची मराठी भाषांतरे हौसेने वाचली जातात, आणि कोणाच्या तरी आजोबांच्या बंदुकीची गोष्ट नातवंडे अजून रंगवून सांगतात.

या कथेचा साचा सर्वांच्या ओळखीचा आहे. चांदणी रात्र, झाडावरचे मचाण, खाली बांधलेले रेडकू, वाळल्या पानांची सळसळ, आणि मग बार. वाघ डरकाळी फोडतो, उसळतो आणि करवंदीच्या जाळीत नाहीसा होतो. सकाळी पानांवर रक्त दिसते. खरी कथा येथून पुढे सुरू होते असे लेखक आपल्याला बजावतो आणि आपणही लोडाला टेकलेले सरळ बसतो. जखमी वाघाच्या मागावर जाणे हा मर्दानी धैर्याचा शेवटचा कस होय, असे आपल्या मनावर गेली शंभर वर्षे बिंबवले गेले आहे.

माझे भांडण शिकारकथेतील एवढ्याच प्रकरणाशी आहे. शिकार चांगली की वाईट, हा वाद कायद्याने आपल्यापुरता मिटवला आहे आणि तो उकरून काढण्याची मला हौस नाही. मला विचारायचे आहे ते निराळेच. तो वाघ जखमी केला कोणी, त्याच्या मागावर पुढे चालला कोण, आणि तो सापडला नाही तर त्याची किंमत मोजली कोणी? या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाच्या नावावर जमा होत असती तर मी हा लेख लिहिला नसता.

प्रथम शिकाऱ्यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकू. जखमी जनावर रानात सोडून घरी जाणे हे शिकाऱ्याच्या धर्मात महापातक समजले जाई. ज्याने गोळी घातली त्यानेच ते काम तडीस न्यावे, मग जीव धोक्यात पडला तरी बेहत्तर. हा नियम उत्तम होता, आणि तो पाळणारी माणसे होती, हे मी मोकळेपणी मान्य करतो. माझी तक्रार अशी की, नियम होता कर्तव्याचा आणि कथेत तो झाला पराक्रमाचा. शेजाऱ्याच्या गंजीला आपल्याच विडीची ठिणगी लागली तर घागर घेऊन धावणे हे आपले कामच असते. त्याबद्दल गावाने आपली मिरवणूक काढावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. शिकारकथेने मात्र ठिणगीचे प्रकरण दोन ओळींत उरकले आणि घागरीच्या प्रकरणाला दहा पाने दिली.

ती ठिणगी कशी पडते ते पाहा. मचाणावर बसलेल्या माणसाला रात्री दिसते ते जनावर नसते, जनावराची सावली असते. हाका घातला असेल तर वाघ समोरून येतो तो उभा राहत नाही. झुडपांच्या फटींतून पिवळा पट्टा सरकावा तसा सरकत जातो. पाहुणा अधीर झालेला असतो, हातातली रायफल बहुधा नवी असते, आणि काळीज आणि फुप्फुसे यांची मर्माची जागा त्या एवढ्या मोठ्या देहात अगदी थोडी असते. गोळी तिच्या वीतभर मागे गेली की ती पोटात शिरते, आणि पोटात गोळी बसलेले जनावर त्याच दिवशी मरेल असे नाही. ते दिवसेंदिवस जगते. वीतभर पुढे गेली तर खांदा मोडतो. चेहऱ्यावर बसली तर जबडा फुटतो किंवा सुळा तुटतो. खांदा मोडलेला वाघ सांबर पाडू शकत नाही, सुळा तुटलेला वाघ रानरेड्याचे नरडे धरू शकत नाही. भूक मात्र पूर्वीइतकीच राहते. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मग मागावर जाण्याची पाळी येते. ही विद्या होती आणि तिचे जाणकार रानात जन्मलेले होते. पानांवरचे रक्त फेसाळ गुलाबी असले तर गोळी फुप्फुसात, काळपट असले तर यकृतात, त्यात घाण मिसळलेली असली तर पोटात. रक्त गवताच्या कोणत्या उंचीवर पुसले गेले आहे यावरून जखम अंगावर कुठे आहे ते कळे. कुठला पंजा खोल उठला आहे आणि कुठला फरपटला आहे यावरून कोणता पाय निकामी झाला ते कळे. माग घ्यायचा तो लगेच नाही. अर्धा तास, तास थांबायचे, जखम आखडू द्यायची. पुढे वानर खेकसते का, मोर ओरडतो का, याकडे कान ठेवायचा. जाळी दाट असली तर आत दगड फेकायचे, माणसांना झाडावर चढवून टेहळणी करायची, आणि कधी कधी म्हशींचा कळप जाळीत घालायचा, कारण वाघाचा वास आला की म्हशी शिंगे रोखून एकवटतात.

एवढे करूनही जे घडायचे ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. वाघ ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने झेपावला असे धरले तरी वीस मीटरचे अंतर तो दोन सेकंदांच्या आत तोडतो. तेवढ्यात बंदूक खांद्याला लावायची, नेम धरायचा आणि मर्म गाठायचे. बिबट्या तर याहून वाईट. तो अंगाने लहान, गुडघाभर गवतात दिसेनासा होणारा. जखमी झाला की पोट जमिनीला चिकटवून पडून राहतो आणि पाय जवळजवळ अंगावर पडेपर्यंत हूं की चूं करीत नाही. मग एका माणसाला सोडून दुसऱ्याला, दुसऱ्याला सोडून तिसऱ्याला असा सपाटा लावतो. नख्यांत सडक्या मांसाची घाण असते. प्रतिजैविके नव्हती त्या काळात, जखमा फारशा खोल नसल्या तरी रक्त विषारी होऊन माणूस आठवड्याभरात जाई; म्हणून शिकाऱ्यांच्या सामानात पोटॅशियम परमँगनेट असायचेच.

या धोक्यातून बंदूकवाला सुटत असे असे मी म्हणत नाही. ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे बंधू जॉर्ज ग्रे हे १९११ साली पूर्व आफ्रिकेत सिंहाच्या शिकारीत असेच गेले. घोडा दामटून ते सोबत्यांच्या पुढे गेले, सिंहाने चाल केली, गोळ्या लागल्या तरी तो थांबला नाही, आणि त्या जखमांनी काही दिवसांतच नैरोबीत त्यांचा अंत झाला. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते ग्रे घराण्याचे होते. त्याच मैदानांत आणि आपल्याकडच्या जंगलांत बंदूक न धरता जी माणसे सिंहावाघांच्या तोंडी गेली त्यांची नावे कोणत्या पुस्तकात शोधावीत?

येथे शिकारकथेचे खरे गुपित आहे. जखमी वाघाच्या मागावर सर्वांत पुढे शिकारी नसतो, मागकरी असतो. कामाची रीतच तशी आहे. रक्ताचा थेंब शोधायचा तर डोळे जमिनीला खिळलेले हवेत, आणि वाघ दिसायचा तर डोळे समोर हवेत. एका माणसाला दोन्ही जमत नाहीत. म्हणून मागकरी वाकून पुढे चालतो आणि बंदूकवाला ताठ उभा त्याच्या मागे. मागकऱ्याच्या हातात काठी, फार तर कुऱ्हाड. वाघ आला तर तो प्रथम कोणाला गाठणार हे भूमितीने सांगता येईल. गोंड, कोरकू, बैगा, भिल्ल, कातकरी, ठाकर अशी ही माणसे. त्यांच्या मागे हाकेवाल्यांची रांग. संस्थानी मुलुखात ती बहुधा वेठीला धरून आणलेली. शेतातले काम टाकून यायचे, डबे बडवीत रानातून चालायचे, आणि मध्येच कोणी वाघ जखमी करून ठेवला की त्याच रानातून परतायचे.

जिम कॉर्बेटने सांगितलेली पनारच्या बिबट्याची हकीकत पाहा. कुमाऊँतल्या या बिबट्याने चारशे माणसे मारली असे सांगतात, आणि १९१० साली कॉर्बेटने त्याला मारले. रात्री काळोखात बंदुकीचा बार लागून बिबट्या जखमी झाला. गावकऱ्यांनी चिरपाइनच्या ढलप्यांच्या मशाली पेटवल्या, आणि पळून जाणार नाही असे कबूल करून ते कॉर्बेटबरोबर निघाले. बिबट्याने चाल केली तेव्हा ते पळाले. पळताना एकमेकांवर आदळले, मशालींचे जळते तुकडे जमिनीवर पडले, आणि त्या उजेडात कॉर्बेटने नेम साधला. आपण ही हकीकत वाचतो तेव्हा गावकऱ्यांच्या पळण्याला हसतो. पण जरा हिशेब करा. ज्याच्या हाती बंदूक होती तो उभा राहिला. ज्यांच्या हाती नुसते जळते लाकूड होते ते, त्याच बिबट्याने शेकडो माणसे खाल्ली आहेत हे ठाऊक असताना, अंधारात त्याच्या जवळपर्यंत चालत गेले. शेवटच्या क्षणी त्यांचे पाय सुटले. दोघांपैकी अधिक धैर्य कोणाचे, हा निकाल मी वाचकांवर सोपवतो.

कॉर्बेटच्या बाबतीत न्याय केला पाहिजे. तो शक्यतो एकटा जाई. चंपावतच्या वाघिणीच्या मागे जाण्यापूर्वी त्याने सरकारला दोनच अटी घातल्या. वाघिणीवर लावलेली बक्षिसे रद्द करावीत आणि इतर सर्व शिकारी माघारी बोलवावेत. आपल्याबरोबरच्या माणसांची नावे, त्यांचा विनोद, त्यांची भीती हे सारे त्याने प्रेमाने लिहून ठेवले. दक्षिणेकडच्या रानांवर लिहिणाऱ्या केनेथ अँडरसननेही आपल्या बैरा पुजाऱ्याला मित्र म्हणून अजरामर केले. थोर लेखकांना हे ऋण कळले होते. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी मचाण घेतले, चांदणे घेतले, डरकाळी घेतली, आणि बैराला मात्र ‘एक आदिवासी’ करून टाकले. आपल्या मराठी शिकारकथांत तो ‘काळाकभिन्न’, ‘इमानी’, आणि प्रसंग आला की ‘थरथर कापणारा’ असतो. त्याला आडनाव नसते. बायकापोरे तर नसतातच.

आता तिसरा प्रश्न. मागावर गेल्यावर वाघ सापडला तर ठीक. न सापडला तर? हंगामाचा विचार करा. वाघाच्या शिकारीला उत्तम दिवस उन्हाळ्याचे. पाणवठे आटतात, रान विरळ होते, वाघ ठरलेल्या पाण्यावर येतो. आणि विदर्भात, मध्य प्रदेशात हेच दिवस मोहफुलांचे आणि तेंदूपानांचे. मोह पहाटे गळतो. बाई पहाटेच टोपली घेऊन जाते आणि झाडाखाली वाकून, बसून वेचते. वाकलेली, बसलेली आकृती जनावराला माणसाची वाटत नाही. आजही चंद्रपूर, गडचिरोलीत वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या या दिवसांत वाढतात, त्यामागे हेही एक कारण आहे. अशा रानात संध्याकाळी वाघ जखमी करायचा, ‘आता अंधार पडला, सकाळी पाहू’ म्हणून डाक बंगल्यावर जाऊन झोपायचे, आणि पहाटे त्या रानात गावच्या बायका शिरायच्या. या मधल्या रात्रीवर मी एकही शिकारकथा वाचलेली नाही.

आणि वाघ कायमचा निसटला तर काय होते, हे खुद्द कॉर्बेटनेच सांगून ठेवले आहे. त्याच्या मते वाघ माणसाला खाऊ लागतो तो परिस्थितीने नाडल्यामुळे. दहांपैकी नऊ वेळा कारण जखम हेच असते, आणि दहाव्या वेळी म्हातारपण. ही जखम कशाची, तर निष्काळजीपणाने झाडलेल्या आणि मग माग न घेता सोडलेल्या गोळीची, नाही तर साळिंदराच्या काट्यांची. हे लिहिणारा कोणी शिकारीचा शत्रू नव्हता. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली असे मानले जाते. १९०७ साली ती पडल्यावर कॉर्बेटने तिचे तोंड उघडून पाहिले, तो उजवीकडचे वरचे व खालचे सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. कारण बंदुकीची जुनी जखम. १९३८ साली मारलेल्या ठाकच्या वाघिणीच्या अंगावर बंदुकीच्या दोन जुन्या जखमा निघाल्या, त्यांतली एक चिघळलेली होती. पनारचा तो बिबट्याही कोणा चोरट्या शिकाऱ्याच्या गोळीने जखमी झालेला होता असे सांगतात.

आता चंपावतचाच हिशेब मांडू. शेवटची गोळी घालणाऱ्याचे नाव साऱ्या जगाला माहीत आहे. त्याच्या नावाने राष्ट्रीय उद्यान आहे. पहिली गोळी घालणाऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. नेपाळात किंवा कुमाऊँत कुठेतरी कोणीतरी एक बार काढला, सुळे तोडले आणि तो घरी गेला. कदाचित त्याने मित्रांना सांगितलेही असेल की वाघ थोडक्यात हुकला. हुकला नव्हता. त्या एका बाराचा हिशेब पुढे ४३६ घरांनी चुकता केला.

सगळेच नरभक्षक शिकाऱ्यांनी घडवले असे कोणी म्हणेल तर तेही खोटे ठरेल. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा डोळा गेला तो साळिंदराशी झालेल्या झटापटीत. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारली. त्याला माणसाची चटक लागली ती, कॉर्बेटच्या मते, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत रानात टाकलेल्या प्रेतांमुळे. पण बंदुकीच्या खात्यावर जेवढे पडते तेवढेच पुरे आहे. नरभक्षकाला मारून गावाला वाचवणारा शिकारी हा उपकारकर्ता आहे खरा. फक्त तो ज्या बिरादरीचा आहे त्या बिरादरीचेच कर्ज तो फेडत असतो, हे उपकाराची पावती फाडताना विसरू नये.

शिवाय हे कर्ज किती, याचा अंदाज कोणी केला आहे काय? १९११ च्या डिसेंबरात सम्राट पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेले तेव्हा त्या काही दिवसांत ३९ वाघ पडले. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर ११०० हून अधिक वाघ सांगितले जातात. स्वातंत्र्यानंतरही नागपुरात, मध्य प्रदेशात शिकारीच्या कंपन्या निघाल्या. परदेशी पाहुण्याला ठरावीक दिवसांत वाघ मिळवून देण्याचा त्यांचा धंदा होता. पाहुण्याचे विमान ठरलेले, त्यामुळे वाघ मिळो न मिळो, ठरल्या दिवशी त्याला परतणे भाग असे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी येईपर्यंत हे चालले. पडलेल्या वाघांची मुंडकी भिंतींवर टांगली गेली आणि त्यांची लांबी इंचात मोजून वह्यांत लिहिली गेली. पोटात, खांद्यात, जबड्यात गोळी घेऊन जे निघून गेले ते कोणत्या भिंतीवर टांगणार? दिवाणखान्यात बसून वैभव मोजायचे झाले तर भिंत उपयोगी पडते. नुकसान मोजायचे तर रानालगतच्या गावांत जावे लागते.

‘अहो, हे सारे जुने झाले. आता बंदुका कुलपात आहेत. मेलेल्या शिकाऱ्यांशी भांडून काय मिळवणार?’ असा आक्षेप येईल याची मला कल्पना आहे. त्याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की जगात हे जुने झालेले नाही. आफ्रिकेतील काही देशांत सिंह आणि बिबट्या यांची परवान्याची शिकार आजही कायदेशीर आहे. २०१५ साली झिम्बाब्वेत ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाच्या सिंहाला एका परदेशी पाहुण्याने रात्री बाण मारला; जखमी सिंह रात्रभर तसाच होता आणि दुसऱ्या दिवशी शोधून त्याला मारण्यात आले. साऱ्या जगाने हळहळ केली ती सिंहाबद्दल, आणि ती योग्यच होती. पण त्या रात्री एक जखमी सिंह मोकळ्या रानात होता आणि त्या रानाच्या कडेला माणसे राहतात, हा मुद्दा त्या गदारोळात फारसा कोणी काढला नाही.

दुसरे उत्तर घरचे आहे. आपल्याकडे बंदूक गेली, जखम गेलेली नाही. रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्याचा पाय किंवा कंबर अडकते; तो तार तोडून निघतो आणि तार मांसात रुतून राहते. शेताभोवती चोरून सोडलेल्या विजेच्या तारेवर वाघ मरतात, आणि तीच तार रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्यालाही मारते. गावठी बाँब डुकराचा जबडा उडवतो तसा दुसऱ्याचाही उडवू शकतो. हमरस्त्यावर मोटारीची ठोकर खाऊन लंगडणारा बिबट्या उसात शिरतो. या प्रत्येक जखमेमागे पूर्वीच्या शिकाऱ्यासारखा कोणी तरी आहे, आणि पूर्वीच्या चांगल्या शिकाऱ्याला जी लाज होती ती त्याला नाही. तो माग काढायला येत नाही. मचाणावरचा साहेब निदान सकाळी परत येई.

आणि माग काढायला येतो कोण? वनरक्षक. महिन्याच्या पगारावर, हातात काठी घेऊन. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात वाघांच्या पाहणीसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती वाघीण तर जखमीही नव्हती. जखमी जनावर हुडकायला जाणाऱ्याची गत काय असेल, याची कल्पना करावी. लोकांना वाटते की आता भुलीची बंदूक आहे, सुई लागली की सिनेमातल्यासारखे जनावर लुढकते. तसे होत नाही. सुई थोड्याच अंतरावरून मारता येते, औषध चढायला दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात, आणि तेवढ्या वेळात दचकलेला, दुखावलेला बिबट्या वाट फुटेल तिकडे धावतो. म्हणजे पुन्हा तोच जुना माग, तेच झुडूप, तेच दोन सेकंद. भर म्हणून आता भोवती हजार माणसे. कोणी कौलांवर, कोणी भिंतीवर, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, काहींच्या हातात दगड आणि काठ्या. या हजारांतला प्रत्येक जण मनातून त्या मचाणावर चढलेला असतो. आपण बालपणी वाचलेल्या शिकारकथेत आज आपल्याला भाग मिळाला आहे असे त्याला वाटते. दगड लागतो, बिबट्या उलटतो, पाच-सहा माणसे फाडतो, आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो की बिबट्याने धुमाकूळ घातला. धुमाकूळ आधी कोणी घातला हे मथळ्यात मावत नसावे. जनावर वस्तीत आले की जमाव पांगवावा, जमावबंदी लावावी, हे राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीतच सांगितले आहे. ते कागदावर राहते, कारण जमाव हा मतदारही असतो.

फासकी लावणाऱ्या शेतकऱ्याला शिव्या देऊन हात झटकायचे, हा शहरी मार्ग मला मान्य नाही. रानडुकराने रातोरात धान झोपवले की त्याचे वर्ष झोपते. नुकसानीचे पैसे पंचनाम्यांच्या फेऱ्यांतून येतात तेव्हा पुढचे पीक उभे असते. विजेची तार सोडणे हा गुन्हा आहेच आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण तारेपर्यंत त्याला ढकलत आणणाऱ्या व्यवस्थेचा पंचनामा कोण करणार? वाघ हवा आहे आपल्याला. आपण पुण्यामुंबईहून, नागपूरहून उघड्या जिप्सीत बसून त्याला पाहायला जातो, त्याची छायाचित्रे भिंतीवर लावतो. जुन्या साहेबाने मुंडके लावले, आपण छायाचित्र लावतो. हा फरक मोठा आहे आणि वाघाच्या बाजूचा आहे, हे मी मान्य करतो. पण वाघ पाहायचा शहराने आणि जखमी वाघाला तोंड द्यायचे ते मोह वेचणाऱ्या बाईने, ही वाटणी जुनीच राहिली आहे. मचाणाची जागा जिप्सीने घेतली. हाकेवाला होता तिथेच आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. जखमी वाघ हा ज्याने त्याला जखमी केले त्याचा. आणि तो माणूस सापडत नसेल तर ज्यांना वाघ हवा आहे त्या सर्वांचा. त्याचा माग घेणाऱ्या वनरक्षकाला काठीऐवजी शिक्षण, साधने आणि पुरेशी माणसे देणे, आसपासच्या गावांना त्याच रात्री खबर पोचवणे, जखमी जनावर सापडेपर्यंत त्या रानात जाऊ न शकलेल्या मजुरांची मजुरी भरून देणे, पिकाचे पैसे पीक असतानाच देणे, आणि जमावाला दूर ठेवणे, हा सगळा खर्च जिप्सीत बसणाऱ्यांच्या खात्यावर पडला पाहिजे. यात भूतदयेचा प्रश्न नाही. जुन्या शिकाऱ्यांचा जो एकच नियम मला पटला, तोच मी त्यांच्या वारसांना लावतो आहे.

कर्नाटकात गुरे राखताना वाघाशी झुंजून मेलेल्या माणसांचे वीरगळ आहेत. त्या काळच्या गावाला कळत होते की वाघासमोर कोण उभा होता. त्याने दगड उभा केला आणि गुराख्याला त्यावर कोरले. आमच्या शिकारकथेला एवढे सौजन्य जमले नाही. दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, आपण शहरांत वसुबारस करतो. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात आणि इतरत्रही आदिवासी त्याच दिवशी वाघबारस करतात. वाघोबाला नैवेद्य दाखवून, आमच्या गुरांना आणि राखणाऱ्यांना सांभाळ, असे मागणे मागतात. शिकलेल्या माणसाला ही अंधश्रद्धा वाटेल. मला तो एक करार वाटतो. त्यात वाघ कोठे राहतो हे ठाऊक असलेला माणूस आहे, त्याच्याशी आपले रोजचे कसे निभावेल याची काळजी आहे, आणि त्याला उगाच डिवचून ठेवून घरी निघून जाण्याची चैन मुळीच नाही. ती चैन फक्त ज्याचे घर त्या रानात नाही त्यालाच परवडते.

यंदाच्या दिवाळी अंकांतही कुठे तरी एखादी शिकारकथा असेल. ती जरूर वाचा. मीही वाचणार आहे. फक्त वाघ जखमी होऊन जाळीत शिरला की पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि लेखकाला विचारा, पुढे कोण चालला होता, आणि त्याचे नाव काय?